नजरगहाण

दिवाळीच्या दिवसांत कर्जाची गोष्ट काढू नये, असा एक संकेत आहे. पण तो पाळतो कोण? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी ज्या वहीवर हळदकुंकू वाहतो, त्या वहीत येण्याच्या पानांइतकीच देण्याचीही पाने असतात; पुष्कळांच्या वहीत तर देणेच अधिक असते. तरी तो त्या वहीला फूल वाहतो आणि पहिल्या पानावर ‘श्री’ काढतो. लक्ष्मीची पूजा ही हिशेबाचीही पूजा आहे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. तेव्हा फराळाचे ताट समोर असताना वाचकांनी माझ्याबरोबर थोडा वेळ एका गहाणखताचा विचार केला, तर त्यात अशुभ काही नाही.

प्रश्न असा आहे. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार नाही, जो आपल्या हातांच्या जोरावर धंदा करतो, त्याने दिवस अनिश्चित असताना राहते घर गहाण टाकावे काय? आणि आधीच गहाण असलेले घर, जुने कर्ज मिटवून वर आणखी रक्कम हाती यावी म्हणून, पुन्हा नव्याने गहाण टाकावे काय? बँकेच्या दृष्टीने हा प्रश्न व्याजदराचा आहे आणि सल्लागाराच्या दृष्टीने सोयीचा. मला तो नीतीचा वाटतो. कारण घराच्या कागदावर नाव एकाचे किंवा दोघांचे असले, तरी घरात निजणारी माणसे त्याहून अधिक असतात.

‘गहाण’ हा शब्द संस्कृतातल्या ‘ग्रहण’ या शब्दावरून आला. चंद्राला लागते तेही ग्रहण आणि घराला लागते तेही. फरक इतकाच की, चंद्राच्या ग्रहणाचा मोक्षकाल पंचांगात मिनिटासकट छापलेला असतो. जुन्या व्यवहारात गहाणाचे प्रकार होते. ताबेगहाणात सावकार जमीन किंवा घर आपल्या कब्जात घेई. नजरगहाणात वस्तू मालकाकडेच राही, सावकाराची फक्त नजर तिच्यावर असे. आजचे गृहकर्ज हे या अर्थाने नजरगहाणच आहे. घर आपल्या ताब्यात असते, तुळशीला पाणी आपणच घालतो, दारात कंदीलही आपणच लावतो. पण मूळ करारनामा बँकेच्या तिजोरीत असतो आणि एक नजर अहोरात्र आपल्या छपरावर खिळलेली असते. पगारदाराला ती फारशी जाणवत नाही. धंदेवाल्याला ती झोपेतही जाणवते.

ठाणे, डोंबिवली, कल्याण हा आमचा पट्टा नोकरदारांचा म्हणून ओळखला जातो, आणि ते साहजिकही आहे. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणास पोहोचली, आणि पुढल्या काळात ही गावे सकाळी मुंबईकडे माणसे पाठवणारी आणि रात्री ती परत घेणारी गावे झाली. परंतु त्या गर्दीच्या आड दुसरे एक गाव आहे. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाई, शिकवण्या घेणारे मास्तर, शिंपी, छापखानेवाले, औद्योगिक वसाहतीत एक-दोन लेथ टाकून बसलेले कारागीर, हे सारे त्या दुसऱ्या गावचे रहिवासी. पहिल्या गावचा माणूस कर्ज मागायला जातो तेव्हा पगाराचा कागद पुढे करतो. दुसऱ्या गावचा माणूस तीन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे, जीएसटीचे कागद आणि बँकेची पासबुके घेऊन जातो, आणि तरीही त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. मिळकत एका महिन्यात चाळीस हजार आणि पुढच्या महिन्यात शून्य असेल, तर तिची सरासरी काढता येते. भरवसा काढता येत नाही. मग भरवशाच्या जागी भिंती उभ्या कराव्या लागतात.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली तेव्हा या दोन गावांतले अंतर उघडे पडले. लोकलगाड्या सर्वसामान्य प्रवाशांसाठी बंद झाल्या, त्या ठरावीक वेळांपुरत्या सुरू व्हायला २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. पुष्कळ नोकरदारांचे पगार घरबसल्या होत राहिले. ज्यांचे दुकान बंद, त्यांची मिळकतही बंद. रिझर्व्ह बँकेने आधी तीन आणि मग आणखी तीन महिने, म्हणजे ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत, हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. हप्ता थांबला, व्याज मात्र थांबले नाही. त्या व्याजावर आणखी व्याज चढवू नये, एवढा दिलासा पुढे मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. मुद्दल आणि मूळ व्याज ज्याचे त्याच्या माथ्यावर राहिले. आमच्या भागात घरे दुसऱ्यांदा गहाण टाकण्याची बोलणी मी सर्वांत अधिक ऐकली ती त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव चढले तशी सावकाराची मूठही सैल झाली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. कर्जे मात्र जागची हलली नाहीत. त्यात सरकारने दक्खनेत शेतसारा वाढवला. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले, आणि पुणे व नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. या दंग्यांतली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, माणसे मारणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना हवी होती खते आणि हुकूमनामे. ती हाती लागली की त्यांची होळी होई. त्यानंतर चौकशी झाली आणि १८७९ साली दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, त्याने न्यायालयाला खताच्या पाठीमागे जाऊन कर्जाचा सारा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. कागदावर काय लिहिले आहे एवढेच नव्हे, तर त्यामागे काय घडले हेही न्यायाने पाहिले पाहिजे, असे त्या कायद्याचे म्हणणे होते. मला हे म्हणणे घराच्या आतही लागू करावेसे वाटते. त्यासाठी मला एक घरगुती हकीकत सांगितली पाहिजे.

माझा धाकटा भाऊ डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर सुटे भाग करून देतो. मी ठाण्यात राहतो, शाळेत शिकवतो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. डोंबिवलीचे घर वडिलांनी घेतलेले. त्यांच्यामागे ते आई आणि आम्ही दोघे भाऊ अशा तिघांच्या नावावर झाले. राहतात तेथे आई, भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुले. घरावर जुन्या कर्जाची थोडी बाकी होती. २०२३ च्या पावसाळ्यात भाऊ माझ्याकडे आला आणि म्हणाला, की एक वित्तसंस्था जुनी बाकी फेडून एकंदर १५ लाखांचे नवे कर्ज वीस वर्षांसाठी द्यायला तयार आहे. तिघांच्या सह्या हव्यात.

मी म्हटले, “घरावर कशाला? धंद्यावर नाही का मिळत?”

तो म्हणाला, “दादा, माझ्या हातांवर कोणी कर्ज देत नाही. भिंतींवर देतात.”

या वाक्यापुढे मला काही बोलता आले नाही, कारण ते खरे होते. त्याच्याकडे तीन कामगार होते. त्यांतल्या एकाच्या मुलीचे लग्न ठरलेले. कामगारांना काढून टाकून घर सुरक्षित ठेवणे ही नीती, की घर पणाला लावून तीन चुली पेटत्या ठेवणे ही नीती? शाळेतल्या फळ्यावर सोडवता येण्याजोगे हे उदाहरण नव्हते.

पुढल्या रविवारी आम्ही आईकडे बसलो. आईने दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, “किती दिवसांसाठी?” भाऊ म्हणाला, “वीस वर्षं.” त्यावर ती म्हणाली, “ते बँकेचं झालं. तुला किती दिवस लागणार?” आणि दुसरी, भावजयीकडे मान वळवून, “हिला विचारलंस का?”

तिला कोणी विचारले नव्हते. विचारण्याचे कायद्याने कारणही नव्हते. कागदावर तिचे नाव नव्हते. मी ठाण्यात निजतो, आणि माझ्या सहीवाचून ते घर गहाण पडत नव्हते. ती त्या घरात निजते, सकाळी तेथेच तिची चूल पेटते, तिची मुले तेथे अभ्यास करतात; आणि तिच्या सहीची गरज नव्हती. आपल्याकडच्या किती घरांत हे असेच चालते! सही करणारा एक आणि छप्पर गेले तर उघड्यावर पडणारा दुसरा. जुन्या काळी धंद्यात खोट आली की प्रथम घरातल्या बाईच्या पाटल्या सावकाराकडे जात. त्या पाटल्या तिला स्वतःच्या हातांनी उतरवाव्या लागत, म्हणजे निदान तिला कळे तरी. घराचा कागद मात्र तिला न कळताही गहाण पडू शकतो.

आपल्या शास्त्रकारांनी ऋणाचा विचार कसून केला होता. बापाचे कर्ज मुलाने फेडावे हे धर्मकर्तव्य मानले. पण मद्यपानासाठी किंवा जुगारासाठी काढलेले ऋण मुलावर बंधनकारक नाही, असा अपवादही मनू आणि याज्ञवल्क्य या दोघांनीही केला. म्हणजे कर्ज कशासाठी काढले, हे पाहिल्यावाचून त्याची नैतिक जबाबदारी ठरत नाही, हे त्यांना मान्य होते. पुढे २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि केवळ पुत्रधर्म म्हणून बापाच्या नव्या कर्जासाठी मुलाला जबाबदार धरणे बंद झाले. मुलगा मोकळा झाला खरा. पण घरच तारण असेल, तर कायद्याने मोकळा झालेला मुलगाही त्याच घरातून बाहेर पडतो. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे, हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते थकीत कर्जांत जाते. मग साठ दिवसांची नोटीस. आणि त्यानंतर दिवाणी दावा न लावताही सावकार संस्थेला तारणाचा ताबा घेण्याची कारवाई करता येते. बापाचे ऋण पोराच्या अंगाला लागत नाही, त्याच्या छपराला लागते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, राहते घर गहाण टाकणे हे स्वतः पापही नाही आणि पराक्रमही नाही. ते नीतीचे की अनीतीचे, हे दोन गोष्टींवर ठरते. त्या घरात निजणाऱ्या प्रत्येक जाणत्या माणसाला धंद्याची खरी स्थिती सांगितली आहे काय? आणि या कर्जाने जो वेळ विकत घ्यायचा, त्या वेळाला शेवट आहे काय?

त्या रविवारी प्रथमच भावाने वही उघडून सर्वांसमोर मांडली. तेव्हा कळले की त्याच्या अडचणीचे मूळ उधळेपणात नव्हते. एका मोठ्या गिऱ्हाईकाने आठ महिन्यांपासून सहा लाख रुपये थकवले होते. लहान उद्योगाच्या मालाचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत चुकते करावेत, नाही तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असा कायदा २००६ पासून आहे. परंतु त्याचा आधार घेऊन तक्रार करावी तर गिऱ्हाईकच तुटते. म्हणून लहान माणूस गप्प राहतो आणि आपल्या आईचे घर गहाण टाकून मोठ्या माणसाला बिनव्याजी कर्ज पुरवतो. ‘ऋण काढून सण’ ही म्हण आपण लहान माणसाच्या तोंडावर फेकतो. सण दुसऱ्याच्या घरी चाललेला असतो आणि ऋण याच्या दारी, हे त्या म्हणीत येत नाही.

भावजय शिकवण्या घेते. हिशेबात ती आम्हा दोघा भावांपेक्षा पक्की आहे. तिने कागद पुढे ओढला आणि सोयीसाठी व्याज दर साल दर शेकडा ९ धरून आकडे मांडले. १५ लाख दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १९,००० रुपये, वीस वर्षांत फेडायचे तर सुमारे साडेतेरा हजार. हप्ता साडेपाच हजारांनी उतरतो म्हणून माणूस सुखावतो. पण एकंदर फेड पावणेतेवीस लाखांवरून सुमारे ३२ लाख ४० हजारांवर जाते. म्हणजे त्या सुखाची किंमत साडेनऊ लाख. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, की थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक मागता येऊ नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयेही तो मानीत. नियमित भरलेल्या हप्त्यांना तो नियम लागत नाही, आणि वीस वर्षांचे व्याज मुद्दलाला ओलांडून कधी पुढे गेले हे भरणाऱ्याला कळतही नाही.

व्याजाचा दर बदलता असेल, तर फसगत याहूनही सूक्ष्म असते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. ७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी २० लाख घेतले असतील तर हप्ता सुमारे साडेपंधरा हजार बसतो. दर लगेच साडेनऊ झाला तर महिन्याचे नुसते व्याजच १५,८०० च्या पुढे जाते. हप्ता तोच ठेवला तर माणूस दरमहा इमानाने पैसे भरतो आणि मुद्दल दरमहा वाढते! ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने संस्थांना बजावले, की दर वाढला तर कर्जदाराला स्पष्ट सांगा, आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला ठरवू द्या. २०२५ साली दर पुन्हा उतरू लागले. ज्याचा पगार ठरलेला आहे त्याला हे चढउतार गाडीच्या धक्क्यांसारखे. ज्याची मिळकतही त्याच वाऱ्यावर हलते, त्याला दोन्ही बाजूंनी धक्का बसतो.

भावजय शेवटी एवढेच म्हणाली, “दुसरा लेथ सहा महिने बंद पडून आहे. तो आधी विका. मग जे कमी पडेल त्याला माझी ना नाही.” लेथ विकायचे भावाच्या जिवावर आले, धंदा लहान झाला हे वसाहतीत चारचौघांना दिसणार होते. घर गहाण टाकले तर ते कोणालाच दिसणार नव्हते. वाचकहो, माणूस घर पुन्हा गहाण टाकतो तो पुष्कळदा या एका कारणासाठी, आणि धोकाही येथेच आहे. नजरगहाणात लोकलाज शाबूत राहते. जे दिसते ते वाचवण्यासाठी जे दिसत नाही ते आपण पणाला लावतो.

लेथ विकला गेला. कर्ज घेतले ते १० लाखांचे, दहा वर्षांसाठी. त्याचा हप्ता बसला सुमारे पावणेतेरा हजार. म्हणजे त्या पंधरा लाखांच्या हप्त्याहून थोडा कमीच, आणि एकंदर फेड निम्म्याहूनही कमी. तिघांनी सह्या केल्या, आणि ज्या वहीत आम्ही हे सारे मांडले होते, तिच्या पानावर भावजयीनेही सही केली. त्या सहीला कोणत्याही न्यायालयात किंमत नाही. मला ती चौथी सही सर्वांत मोलाची वाटते.

हे शहाणपण यशस्वी होईलच, असे मी सांगत नाही. हप्ते २०३३ पर्यंत आहेत. मध्ये एखादे गिऱ्हाईक बुडेल, आजारपण येईल, आणखी एखादी टाळेबंदीही येईल. दोन्ही कामगार (तिसरा आपणहून दुसरीकडे गेला) अजून कामावर आहेत आणि त्यांचा पगार निघतो. एवढेच आज सांगता येते. आणि बँकेने अशा वेळी उदार व्हावे, असेही मी म्हणणार नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, अशी परंपरा सांगते. पण ती खते त्यांची स्वतःची होती. बँकेच्या तिजोरीतला पैसा ठेवीदारांचा असतो, आणि त्यांत माझ्यासारख्या एखाद्या निवृत्त मास्तराची आयुष्याची पुंजीही असते. त्याच्या पैशावर कोणी परस्पर संत होऊ शकत नाही.

पण घरातल्या माणसांनी एकमेकांशी तरी बँकेपेक्षा अधिक सरळ असावे. बँक अर्जदाराला तीन वर्षांचा हिशेब विचारते आणि तो मुकाट्याने देतो. तोच हिशेब बायकोने विचारला तर त्याला राग येतो. कर्ज बुडाल्याने घर जाते हे खरे. परंतु कितीतरी घरे हप्ते वेळेवर भरले जात असतानाच आतून मोडलेली मी पाहिली आहेत, कारण तेथे एक माणूस रात्री एकटाच आकडेमोड करीत बसे आणि बाकीचे सुखाने झोपलेले असत. त्यांना झोपू द्यावे म्हणून तो गप्प राहत असे. त्याला ते प्रेम वाटे. पुढे नोटीस आली तेव्हा घरच्यांना ते प्रेम वाटले नाही.

डिसेंबर २०२३ पासून असा नियम आहे, की कर्ज पुरते फिटल्यावर घराचे मूळ कागद तीस दिवसांच्या आत परत द्यावेत. संस्थेच्या दोषाने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. हा नियम चांगला आहे. गहाण सुटले की कागद घरी येतो, त्याची देवापुढे पूजा होते आणि तो कपाटात जातो. मात्र जो कागद घरातून गेला हेच घरच्यांना ठाऊक नव्हते, तो परत आला तरी त्याचा आनंद एकट्यालाच करावा लागतो. म्हणून ज्यांच्या वहीत यंदा देण्याची पाने अधिक आहेत, त्यांनी पूजेनंतर ती वही लगेच मिटू नये. फराळ आटोपल्यावर, मुले फटाके उडवायला खाली गेल्यावर, ती घरातल्या मोठ्यांसमोर उघडून ठेवावी. सण बिघडेल अशी भीती वाटणे साहजिक आहे. पण माझा अनुभव असा, की त्या रात्री आमच्या घरी इतक्या दिवसांनी प्रथमच सर्वांना एकाच वेळी झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांनी एकाच वेळी कामाला हात घातला.